मिलहाऊसमध्ये टेबल नसतं

'साहेब, एकाच्या किमतीत तीन येतात.' सर्व्हिस इंजिनिअरला दणकट लॅपटॉप द्यावा असा विषय निघाला की खरेदी विभागाचं हे पालुपद ठरलेलं. हिशेब वरवर बिनतोड आहे. पण तो मांडणाऱ्याने गळीत हंगामात साखर कारखान्याच्या मिलहाऊसमध्ये एक रात्र काढावी.

तिथे टेबल नसतं. पॅनेलचं दार उघडायचं, पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला, केबल जोडायची आणि लॅपटॉप ठेवायचा पालथ्या बादलीवर, नाहीतर डाव्या हातावर पेलायचा. पायाखालची जाळी सतत थरथरते. हवेत बगॅसचा बारीक भुसा असतो. लॅपटॉपचा पंखा तो आत ओढतो आणि काही दिवसांतच घरघरू लागतो. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना तासाला दोनशे टनांहून जास्त ऊस गाळतो. मिल थांबली की गव्हाणीपासून फाटकापर्यंत ट्रॅक्टर तुंबतात, तोडलेल्या उसाचं वजन आणि उतारा दोन्ही घटू लागतात. त्या वेळी स्वस्तातले उरलेले दोन लॅपटॉप पुण्यातल्या कपाटात असतात. ते गाडीत असले तरी सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि त्या कारखान्याच्या प्रोग्रॅमची ताजी प्रत बंद पडलेल्या मशीनमध्येच अडकलेली. बॅकअप हवाच, मान्य. पण तो नव्या मशीनवर चढवेपर्यंत मिल उभीच.

'आता हार्ड डिस्क कुठे राहिली? एसएसडी असताना धक्क्यांची कसली भीती?' हे अर्धंच खरं. फिरती तबकडी गेली. बिजागरी, चार्जिंगचा सॉकेट, यूएसबीची खाच गेलेली नाही. ऊनही गेलेलं नाही. अनेक साध्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांचीच मर्यादा असते, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. अडीचशे-तीनशे निट उजेडाचा पडदा भर उन्हात आपलंच तोंड दाखवतो. दणकट यंत्रांत १,००० निटचे पडदे मिळतात.

'मिलिटरी ग्रेड' या चिठ्ठीला तर हसावं की रडावं? तिच्यामागचं मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचणीपद्धतींचं पुस्तक आहे. लष्कर त्यावरून दुकानातल्या लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे बहुधा उत्पादकच निवडतो. त्यातल्या १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडण्याच्या चाचणीतही ते आघात पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. तेव्हा चिठ्ठी नको, चाचणीचा अहवाल मागा.

राहिला 'पोरं निष्काळजी असतात' हा आरोप. काही ठिकाणी तर दुरुस्तीचा खर्च पगारातून कापतात. शिडीवर एका हाताने लॅपटॉप धरून दुसऱ्याने टाइप करणाऱ्याला निष्काळजी म्हणणं हा शुद्ध कोडगेपणा आहे.

म्हणून सरसकट सगळ्यांना दणकट यंत्रं द्या असं मुळीच नाही. ती जड असतात, महाग असतात, आणि एसी कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. पॅनेलपाशी उभं राहणाऱ्याला मात्र आयपी६५ दर्जाचं यंत्र हवं, म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि ते पाण्याचा फवारा सोसतं. चालू असताना बदलता येणारी बॅटरी हवी. मोटारींच्या जुन्या ड्राइव्हसाठी अंगचा सिरीयल पोर्टही हवा. कन्व्हर्टरची केबल नेमकी नको तेव्हा दगा देते.

खरेदी विभागाला एवढीच विनंती : पुढच्या तुलनातक्त्यात किमतीशेजारी 'काम बंद राहिल्याचे तास' असा रकाना घाला, आणि पगारातली ती कपात याच महिन्यापासून बंद करा.