गॉगल खिशात का राहतो?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारी माणसं आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात तपासायला बसतो, तेव्हा ग्राइंडिंगवाल्याचा लाल डोळा हटकून समोर येतो. ‘गॉगल नव्हता का?’ विचारलं की उत्तर मिळतं, ‘होता, खिशात होता.’

कामगारच बेफिकीर, असं साहेब लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. काच ओरखडलेली असते, घामाने धूसर होते. पुसत बसलं तर नग कमी भरतात. हातमोजे पुरुषांच्या मापाचे, भगिनींच्या हातात ढिले. कंत्राटी कामगाराने मागायचं म्हटलं, तर उद्या कामावर घेतील की नाही ही भीती. अशा ठिकाणी भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहून काय होणार?

मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी कामाचे तास आणि कामगार विमा यांचा पाया घातला. कामगाराचं शरीर स्वस्त नाही, हाच त्यामागचा विचार. सुरक्षा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात होतं आणि २०२० च्या नव्या संहितेतही आहे. कंत्राटी कामगारही त्यात आला.

पण थोडं आपलंही चुकतं. मास्क लावणाऱ्या नव्या पोराला आपणच हसतो. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. फिरत्या ड्रिलवर, लेथवर मोजे घालू नयेत, हात ओढला जातो. डोळ्यात कण गेला तर मित्राकडून रुमालाच्या टोकाने काढून घेऊ नका. चोळू नका, डॉक्टरकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर तिथे गंज धरतो. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कान खातो. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला की बायकांनी ओळखावं.

साधन मागायचं तर एकट्याने नको. पाच-दहा जणांनी मिळून लेखी मागा, तारखेसह प्रत ठेवा. तरीही मिळालं नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं. ‘संघटित व्हा’ हे फक्त जयंतीच्या बॅनरवर लिहिण्यासाठी नाही, गेटच्या आतही आहे.

जय भीम!