गाठ दुर्मिळ, म्हणून माणूस मोजायचा नाही का?

आज रस्ता-पाण्याचं नाही, एका गाठीचं बोलायचंय. शेवटपर्यंत वाचा.

डेस्मॉइड ट्युमर. पोटाच्या भिंतीत, खांद्यात, मांडीत होणारी गाठ. कॅन्सरसारखी लांबच्या अवयवात पसरत नाही, पण शेजारच्या स्नायूंत घुसते आणि कापली तरी पुन्हा येते. दहा लाखांमागे वर्षाला 3 ते 5 जणांना होते. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा साडेसोळा लाखांचा. करा हिशेब: वर्षाला 5 ते 8 माणसं आपलीच.

"एवढ्याशा लोकांसाठी सरकारने काय काय करायचं?" असं म्हणणाऱ्यांनो, ऐका.

सोराफेनिब ही मूळची लिव्हर-किडनीच्या कॅन्सरची गोळी. बायर कंपनी महिन्याला 2 लाख 80 हजार घ्यायची. मार्च 2012 मध्ये पेटंट कंट्रोलरने मुंबईतून नॅटकोला सक्तीचा परवाना दिला आणि 120 गोळ्या 8,800 रुपयांवर आल्या! बायर हायकोर्टात हरली, सुप्रीम कोर्टानेही दाद दिली नाही. 2020 मध्ये पेटंटच संपलं.

आता 2018 ची चाचणी बघा. डेस्मॉइडचे 87 रुग्ण. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी 81 टक्क्यांचा आजार वाढला नव्हता, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत फक्त 36 टक्क्यांचा. डोस रोज दोन गोळ्या, म्हणजे कॅन्सरच्या निम्मा. नॅटकोच्या त्या दराने महिन्याला 4,400 रुपये. यात सरकार बुडतं का हो?

आणि दिसली गाठ की घाल सुरी, हेही बंद करा. त्याच चाचणीत बिनऔषधाच्या गटातल्या 20 टक्के गाठी आपसूक लहान झाल्या. आधी तुकडा तपासा, लक्ष ठेवा, वाढली तर औषध.

नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तुकडा तिथे घ्या, स्लाइड मुंबईला टाटा हॉस्पिटलला पाठवा. गोळी सुरू झाली की बीपी, रक्ततपासणी आणि महिन्याच्या गोळ्या इथेच द्या. मजुरी बुडवून माणसाने दर महिन्याला परळ का गाठायचं?

गोळी मनाने घेऊ नका, कॅन्सरच्या डॉक्टरनेच ठरवायची. पण ती इथे मिळावी, हे आपण ठरवायचं. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा, आमदार-खासदारांकडून लेखी उत्तर घ्या. पाच-आठ माणसांनी निवडणूक फिरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच आपण सगळ्यांनी बोलायचं.

शेअर करा.