शेंद्र्याची गाडी, नायगावचा रस्ता

पुण्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या सध्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या मागे लागलाय. दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्यात. एक स्कोडा लॉरा आरएस, जी २०११ साली आपल्याकडे आली; दुसरी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस. पहिलीत सहा गिअर हाताने टाकायचे, दुसरी फक्त ऑटोमॅटिक. "काका, कोणती घिऊ?" म्हणून त्याचा फोन येतो, तो नेमका जेवायला बसल्यावर. त्याच्या वडिलांचं म्हणणं एका वाक्याचं आहे : एवढ्या पैशात ट्रॅक्टर येतो. ते म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत नाही. पण पोराने विचारलंय ते ट्रॅक्टरबद्दल नाही.

चार दरवाजे आणि मागे ऐसपैस डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर शौकिनांची भांडणं होतात. होऊ द्यात. अस्सल दोन सीटची देशी स्पोर्ट्स कार म्हणावी तर गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म आणि दिलीप छाब्रियांची अवंती एवढीच नावं चटकन आठवतात, आणि त्यातली एकही नांदेड-देगलूर रस्त्यावर धावताना मी पाहिलेली नाही. आपल्या भागात वेगाची हौस भागवणारे लोक सेडानच घेतात, कारण त्याच गाडीतून उद्या आईला दवाखान्यातही न्यायचं असतं.

शिवाय ऑक्टाव्हिया म्हणजे मराठवाड्याच्या घरची गाडी. स्कोडाने २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत कारखाना सुरू केला आणि तिथून पहिली ऑक्टाव्हियाच बाहेर पडली. लॉरा म्हणजे त्याच ऑक्टाव्हियाची पुढची पिढी, नाव तेवढं वेगळं. या घराण्याची वेगवान शाखा म्हणजे आरएस, आणि तिची वंशावळ बघण्यासारखी आहे. २००४ ची पहिली आरएस : दीडशे हॉर्सपॉवर, पाच गिअर, मॅन्युअल. २०११ ची लॉरा आरएस : एकशे साठ हॉर्सपॉवर, सहा गिअर, मॅन्युअल. २०१७ ला ताकद थेट २३० वर गेली आणि गिअरची दांडी गायब. २०२० ला २४५, तीही ऑटोमॅटिकच, बाहेरून बांधून आलेली. २०२५ ला २६५, पुन्हा आयात, पुन्हा ऑटोमॅटिक, साऱ्या देशासाठी मिळून शंभर गाड्या. एकाच बिल्ल्याखाली वीसेक वर्षांत ताकद वाढत गेली आणि डाव्या पायाचं काम संपलं.

कंपनीने हे उगाच केलेलं नाही. आपल्याकडे लोक सगळ्याला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात, पण त्यात मोठी उतरंड आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी म्हणजे मॅन्युअलचीच पेटी, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात. म्हणून गिअर बदलताना गाडी जराशी मान टाकते. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तेल फिरतं, त्यामुळे झटका कमी. ऑक्टाव्हिया आरएसमधला प्रकार या सगळ्यांहून निराळा. त्यात क्लच दोन. एक, तीन, पाच हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात पळत असतानाच चौथा लावून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटत नाही. कितीही मुरलेला ड्रायव्हर असो, हातापायाने एवढ्या लवकर गिअर बदलू शकत नाही. ऑक्टाव्हिया शून्यापासून शंभरपर्यंत सात सेकंदांच्या आत जाते. तेव्हा कोणी "मॅन्युअल जास्त पळते" म्हणत असेल, तर तो जुन्या जमान्यात अडकलाय. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी गाडी १९८९ साली उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये तिची पहिलीच शर्यत जिंकून दाखवली. हा वाद तिथे तेव्हाच मिटला.

पण तिथे. आमच्या नायगावात नाही.

पुतण्याला मी एकच विचारलं, की हे सात सेकंद तू वापरणार कुठे रे? नांदेडहून नायगावला येताना कृष्णूरच्या एमआयडीसीकडे वळणारे ट्रक असतात. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे लाल दिवा असला तर नशीब. नरसी फाट्यावर देगलूर, बिलोली आणि मुखेडच्या गर्दीत चारही बाजूंनी जीप घुसलेल्या. चौपदरी महामार्गावर कारला कायद्याने ताशी शंभरची मर्यादा, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर सत्तर. शंभर तर आरएस तिसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. म्हणजे गिअर बदलताना वाचणाऱ्या ज्या अर्ध्या सेकंदासाठी जर्मन इंजिनिअरांनी एवढी करामत केली, तो अर्धा सेकंद आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे रांगण्यातच जाणार.

समृद्धी महामार्गावर जाईन म्हणतोय. जा की. सातशे एक किलोमीटर, मर्यादा एकशे वीस. पण तिथे एकदा सहावा गिअर पडला की टोलनाक्यापर्यंत हात लावायचं कारण नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच, आणि दोन्हीत झोप येते ती सारखीच.

वेग असा वजा केला की स्पोर्ट्स कारमध्ये उरतं काय? उरते ती चालवण्याची गंमत. लोक इथेच चुकीच्या ठिकाणी पैसे टाकतात असं माझं मत आहे. ती गंमत काय चीज असते हे मला कोणत्या परदेशी गाडीने शिकवलं नाही. ते एसटीने शिकवलं.

जुन्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं भलंमोठं बोनट असायचं. त्यावर गोणपाट टाकलेलं, आणि गर्दी असली की कंडक्टर दोन-तीन पोरांना त्यावरच बसवायचा. खालून चटके बसायचे, पण जागा पहिल्या नंबरची. शेजारी कमरेएवढी उंच गिअरची दांडी, गाडी उभी असली तरी थरथरणारी. मुखेड-कंधारच्या बाजूला बालाघाटाचा चढ लागला की ड्रायव्हरचे पाय बघायचे. क्लच दाबून दांडी न्यूट्रलला आणायची. क्लच सोडायचा. अॅक्सिलेटरला एक दणका, इंजिन गुरगुरलं की पुन्हा क्लच, आणि मग दांडी अलगद दुसऱ्यात. याला सगळे 'डबल क्लच' म्हणायचे. त्या जुन्या पेट्यांमध्ये गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवून घ्यायची सोय नसायची, म्हणून तो वेग ड्रायव्हरने कानाने जुळवायचा. चुकला तर कर्रर्र असा आवाज आणि मागून एखाद्या म्हाताऱ्याचा टोमणा ठरलेला. आज परदेशी ट्रॅकवर हौशी लोक पैसे भरून जे शिकतात, म्हणजे पंजा ब्रेकवर ठेवून टाचेने अॅक्सिलेटर टोचायचा आणि खालचा गिअर झटका न देता बसवायचा, ती याच कसबाची चुलत बहीण. आमचे ड्रायव्हर ते टायरच्या चपला घालून करायचे, डबल ड्युटीच्या शेवटच्या फेरीलासुद्धा.

ही मजा आपल्या जिल्ह्यात आजही घेता येते. किनवटकडून माहूरला जाताना रस्ता रानातून वळतो, चढतो, उतरतो. वळण दिसलं की चौथ्यातून तिसऱ्यात, लागलं तर दुसऱ्यात, आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सारखा पाय नको. वेग पन्नास-साठच्या वर जात नाही, तरी दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला असतात. ऑटोमॅटिकमध्येही स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर उतरवता येतो, नाही असं नाही. पण तिथे तुम्ही फक्त फर्माईश करायची, काम आत बसलेला संगणक करतो. तुमचं चुकलं तर तो ऐकतही नाही.

ही तक्रार फक्त माझ्यासारख्या जुनाट माणसाची आहे असंही नाही. पोर्शेने २०१३ साली ९११ जीटी३ आणली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये, कारण आकडे तिच्या बाजूने होते. शौकीन नाराज झाले. २०१६ ला कंपनीने मॅन्युअल पेटी घालून ९११ आर काढली, मोजक्याच गाड्या, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. २०१७ ला जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आली. घड्याळात ती मागे पडते हे घेणाऱ्याला ठाऊक असतं, तरी घेतात. इकडे टाटांनी २०२४ मध्ये आणलेली अल्ट्रोझ रेसर फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येच ठेवली होती. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी मात्र परत फिरल्या नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. मॅन्युअल चालवणारा तो खरा मर्द, ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, असली भाषा पानटपरीवर ऐकू येते. ती भिकार भाषा आहे. गिअर नसलेली स्कूटी आली म्हणून आमच्या तालुक्यातल्या मुली एसटीची वाट न बघता कॉलेजला जायला लागल्या. बिनगिअरच्या यंत्राने केलेलं एवढं मोठं काम मला तरी दुसरं दिसत नाही. नांदेडच्या वजिराबादेत संध्याकाळी हाफ क्लचवर गाडी रेटणाऱ्याच्या गुडघ्याला विचारा मर्दानगी म्हणजे काय. रोजच्या वापराची, घरातल्या चौघांनी चालवायची गाडी घेताय, तर बजेट बसत असेल तर ऑटोमॅटिकच घ्या, दुसरा विचार नको. चारचाकीच्या लायसनमध्ये आपल्याकडे मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेदही नाही. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही.

पण पुतण्या घेतोय ती दुसरी गाडी, हौसेची. घरी कामाला एक छोटी गाडी आहेच. शिवाय जुन्या गाडीत दुरुस्तीचा हिशेब करावा लागतो. लॉराचा क्लच गेला तर पार्ट मागवायला वेळ लागेल, पैसेही बरे जातील, पण नांदेडचा चांगला मिस्त्री पेटी उतरवून तो बसवेल. ऑक्टाव्हियाच्या पेटीचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले, आणि ते तेल दर साठ हजार किलोमीटरला बदलावंच लागतं. आधीच्या मालकाने ते बदललंय का, हे बिल बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि बिलं जपून ठेवणारा मालक विरळा. आत गिअर बदलायचा हुकूम देणारं जे विजेचं आणि तेलाचं एकत्र यंत्र असतं, ते बिघडलं तर संगणक जोडल्याशिवाय आजारही समजत नाही. मग गाडी टोइंगवर, आणि तुम्ही एसटीत.

म्हणून माझा कौल लॉराला. सत्तर हॉर्सपॉवर कमी आहेत, असू देत. त्या सत्तरांना नायगावात काम नाही. ऑक्टाव्हियासाठी जास्तीचे पैसे टाकण्याऐवजी उरलेल्या पैशात नवे टायर आणि ब्रेक घाल, असं मी त्याला सांगितलंय.

आणि गाडी बघायला जाशील तेव्हा एक कर. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासला चौथा गिअर टाक आणि अॅक्सिलेटर पूर्ण दाब. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पळेना, तर क्लच प्लेट संपलीय असं समज. मालक काहीही सांगो, क्लचचे पैसे किमतीतून कापून घे, नाहीतर सरळ माघारी ये.