बावटा बंदरात, पर्यटक पाण्यात

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण मे संपायच्या आत वाचा, नंतर उपयोग नाही.

गेल्या रविवारी सकाळी रॉक गार्डनजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. गोव्याच्या पासिंगची एक गाडी आली, टपावर सर्फिंगच्या फळ्या बांधलेल्या. दोन पोरं उतरली, चहा सांगितला आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. एक म्हणाला, "हाइट सव्वा मीटर, पिरियड सोळा सेकंद, वारा दहापर्यंत जमिनीवरून." दुसरा खूश. "मग आत्ताच उतरूया, वारा फिरायच्या आत."

बाजूच्या बाकड्यावर आमच्या ओळखीचे एक जुने रापणकर बसले होते. आयुष्य दर्यात गेलं, आता गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर. मोबाईल साधा, बटणाचा. समुद्राकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आज पाणी वायच येगळा आसा. लाट दिसता बारकी, पण वडता."

दोघांनीही एकच गोष्ट सांगितली होती. पोरांनी मोबाईल बघून, तात्यांनी पाणी बघून.

खाली खडकांवर कोल्हापूरकडचं एक कुटुंब फोटो काढत होतं. दोन लहान मुलं अगदी कडेला. मी तात्यांना म्हटलं, "तात्यांनू, मगे सांगा तेंका." ते म्हणाले, "मी कोण सांगणारो? तू पेपरवालो मा? मगे तूच सांग."

गेलो, सांगितलं. गृहस्थ हसले. "अहो, समुद्र तर शांत आहे की." खोटं नव्हतं ते. त्या क्षणी समुद्र शांतच होता. पाच-सात मिनिटांनी ओळीने चार लाटा आल्या. तिसरी खडकावर चढली आणि सगळ्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली. मुलीचं एक चप्पल गेलं. तेवढ्यावर निभावलं. ते लोक गुपचूप वर आले आणि गाडीत बसून निघून गेले.

मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. कारण उंच लाटांच्या इशाऱ्याचा मेसेज आदल्या दिवशीच माझ्या मोबाईलवर आला होता. मी त्याची चार ओळींची बातमी केली होती: 'मच्छीमारांनी व नागरिकांनी सतर्क राहावे.' वीस वर्षं मी हीच बातमी करतोय. तारीख बदलतो आणि पुढे पाठवतो. सतर्क म्हणजे नक्की काय करायचं, कुठल्या किनाऱ्यावर, किती वाजता, हे मी कधी विचारलं नाही आणि कधी लिहिलंही नाही. म्हणून आज ही पोस्ट.

आधी तात्यांची 'बारकी पण वडणारी' लाट समजून घेऊ.

आपल्या समोरच्या वाऱ्याने उठणारी लाट वेगळी आणि लांबून चालत येणारी लाट वेगळी. दुपारी खारे वारे सुटले की समुद्रावर पांढरे फेस दिसतात आणि लाटा एकामागोमाग एक फुटतात. ती जवळची लाट. दिसायला दांडगी, पण तिच्यात दम कमी. दुसरी लाट जन्मते ती विषुववृत्ताच्या पलीकडे, पार दक्षिणेकडच्या महासागरात. तिथे मोठी वादळं होतात आणि त्यांच्या लाटा सहा-सात हजार किलोमीटर चालून आपल्याकडे येतात. सोळा सेकंदांची लाट खोल समुद्रातून दिवसाला हजारेक किलोमीटर सरकते. म्हणजे तिकडे वादळ झाल्यावर सहा-सात दिवसांनी तिचा धक्का तारकर्लीला. आपल्याकडे तेव्हा ऊन असतं, आभाळ निरभ्र असतं, झावळीसुद्धा हलत नसते.

सोळा सेकंद म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारा वेळ. सर्फिंगवाले त्याला पिरियड म्हणतात. आपण बातमीत फक्त लाटेची उंची छापतो, पण खरी गोम पिरियडमध्ये आहे. सहा सेकंदांची लाट खोल पाण्यात दोन माथ्यांमध्ये साधारण ५६ मीटर लांब असते. सोळा सेकंदांची असते ४०० मीटर. उंची तीच धरली तरी दुसरीमागे येणारं पाणी किती असेल बघा. ती किनाऱ्याजवळ आली की तळ लागून उंच होते, वाळूवर नेहमीपेक्षा खूप वर चढते आणि परतताना तेवढ्याच जोराने ओढते.

आणखी एक. या लाटा गटाने येतात. मोठ्या चार-पाच येतात, मग काही मिनिटं काहीच नाही. त्या शांत मिनिटांत पर्यटक किनाऱ्यावर पोचतो आणि म्हणतो, समुद्र तर शांत आहे की. लांब पिरियडच्या लाटा पुढे धावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी उंची कमी असते. दिसते बारकी, पण वडते. तात्या बरोबर होते.

रॉक गार्डनसारख्या टोकावर हे अजून वाढतं. लाट खडकाच्या टोकाभोवती वळते आणि तिचा जोर त्या टोकावर एकवटतो. सर्फिंगवाल्या पोरांना हेच हवं असतं, म्हणून ती टोक शोधत येतात. ती पोहणारी असतात, फळी पायाला बांधलेली असते, लाट मोजूनच उतरतात. त्याच टोकावर आपण सेल्फी पॉइंट केलाय.

केरळमध्ये मच्छीमारांनी अशा समुद्राला नाव दिलंय, कल्लक्कडल. म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोनेही तो शब्द स्वीकारला. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर पाणी घरांत घुसलं, तेव्हा तिथे कुठलंही वादळ नव्हतं. त्याच वर्षी ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी समुद्रात बुडाले. लाटांचा इशारा तेव्हा लागू होता.

इशारा होता, हे महत्त्वाचं. अंदाज येत नाही अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, पिरियड, दिशा, वारा यांचा तीन-तीन तासांचा अंदाज काही दिवस आधी देते. गोव्यातल्या पोरांच्या मोबाईलवर तो असतो, माझ्या असतो, जिल्हा नियंत्रण कक्षातही असतो. नसतो फक्त वाळूवर उभ्या असलेल्या माणसाकडे.

कोणी म्हणेल, बंदरात बावटा लागतो की. लागतो. पण बावटा आहे वाऱ्यासाठी, वादळासाठी. एक नंबरपासून अकरा नंबरपर्यंतची ती भाषा जहाजांसाठी आणि मच्छीमारांसाठी केलेली. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे दांडीवरच्या शाळकरी पोराला कळतं, सांगलीच्या पाहुण्याला नाही. आणि निरभ्र आभाळात येणाऱ्या लाटेसाठी बावटा लागतच नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा सगळे सावध होते, कारण त्या संकटाला नाव होतं, टीव्हीवर नकाशा होता. या लाटेला नाव नाही, नकाशा नाही. बरं, इशाऱ्यात पहिलं नाव मच्छीमारांचं. ज्यांना आधीच कळतं, त्यांनाच आपण पुन्हा सांगतो.

मालवणला हे सांगायची गरज पडू नये. १५ एप्रिल २०१७ ला वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ ला, हंगाम संपत आला असताना, स्कूबा करून परतणारी २० पर्यटकांची बोट तारकर्लीला उलटली आणि दोघे गेले. दोन्ही घटनांची कारणं एकच होती असं मी म्हणत नाही. पण दोन्हीनंतर आपण एकच गोष्ट केली. बैठका झाल्या, फलक लागले, 'पाण्यात उतरणे धोक्याचे आहे' असं लिहिलं. बारा महिने, चोवीस तास तोच फलक. ज्या दिवशी समुद्र तळ्यासारखा असतो त्या दिवशीही धोका, ज्या दिवशी ओढ असते त्या दिवशीही धोका. 'लांडगा आला रे आला' दुसरं काय असतं? रोज खोटा पडणारा फलक कोण वाचणार?

वारा-लाटांचे आकडे आपल्याला नंतर आठवतात. २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोटवरचा महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची चर्चा राज्यभर झाली. मालवणचा वारा मुंबईला त्या दिवशी कळला. आमच्याकडे पावसाळ्यात तसा वारा नवीन नाही. आकडा आधी बघायचा असतो, पंचनाम्यात लिहिण्यासाठी नव्हे.

आता दुसरी बाजू. ती मी लपवणार नाही, कारण ती माझ्याच शेजाऱ्यांची आहे. बोटवाला, जलक्रीडावाला, न्याहारी-निवास चालवणाऱ्या वहिनी, सगळ्यांचा वर्षाचा हिशोब मे महिन्यावर. शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद होतात ते थेट सप्टेंबरपर्यंत. बोटीचा हप्ता मात्र पावसाळ्यातही जातो. अशा वेळी कोणी उठून 'आज सगळं बंद' म्हणालं की पोटात गोळा येतो. मागे एकदा लाटांच्या बातमीनंतर एका बोटवाल्या मित्राने मला फोन करून विचारलं होतं, "तुझ्या पेपराक ह्याच गावला काय छापूक?" त्याचा राग मला समजतो.

पण मी बंदच्या बाजूने नाहीये, हेच तर सांगायचंय. सरसकट बंद हा आळशी उपाय आहे. अंदाज तीन-तीन तासांचा मिळतो, तर निर्णय अख्ख्या दिवसाचा आणि अख्ख्या तालुक्याचा का? सकाळी मतलई वारे असताना आणि लाट छोटी असताना तारकर्ली चालू राहू शकते. त्याच वेळी रॉक गार्डनचं टोक आणि देवबागचा संगम बंद असू शकतो. देवबागला तर एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. ओहोटीचं नदीचं पाणी आणि बाहेरून येणारी लांब लाट समोरासमोर आली की काय होतं, ते तिथल्या माणसाला विचारा. जागा आणि वेळ बघून बंद केलं तर धंदाही वाचेल, माणूसही वाचेल, आणि बंद म्हटलं की लोक ऐकतीलही.

माझं मागणं एवढंच. चिवला, दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग आणि रॉक गार्डन, प्रत्येक ठिकाणी एक काळा फळा. सकाळी सातला खडूने चार ओळी: लाटेची उंची, पिरियड, वारा कुठून आणि कधी फिरणार, भरती-ओहोटीची वेळ. खाली एक शब्द: 'उतरा', 'गुडघ्यापर्यंत' किंवा 'नको'. कोटीची योजना नको, उद्घाटनाची फीत नको. फळा लिहायला गावातलाच एक माणूस, दोन वेळचं मानधन देऊन. तात्यांसारखा कोणी असेल तर उत्तम, कारण अंदाज चुकला तर पाणी बघून तो दुरुस्त करेल. आणि त्याच्या 'नको'ला अधिकार हवा. बंदर विभाग, पोलीस, नगरपरिषद आणि ग्रामपंचायती यांनी एकदा बसून त्याचा शब्द कोण अमलात आणणार ते ठरवावं. आज पर्यटकाला हटकायचा अधिकार नक्की कोणाचा, हे किनाऱ्यावर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तात्या म्हणाले, मी कोण सांगणारो. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आणि रंगीत झेंडे आहेत. तिथलं पर्यटन काही बुडालं नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पुढचे पंधरा दिवस आपल्या हातात आहेत. या दिवसांत वारा हळूहळू नैर्ऋत्येकडे फिरतो, दक्षिणेकडच्या लांब लाटा येत राहतात, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती त्यावर चढते. तिन्ही एकत्र आले की वाळू उरत नाही.

ज्यांच्याकडे पाहुणे आहेत त्यांनी न्याहारी वाढतानाच सांगा. आणि मोबाईल नसला तरी जमेल अशी एक गोष्ट त्यांना शिकवा. किनाऱ्यावर गेल्यावर लगेच उतरू नका. पंधरा मिनिटं बसा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती लाटा फुटतात ते मोजा. नऊ-दहा असतील तर ती जवळच्या वाऱ्याची लाट. तरी कमरेच्या पुढे जाऊ नका. चार असतील तर ती लांबून आलीय. फोटो वरूनच काढा, पोरांचा हात धरा. आणि कोणी ओढीत सापडलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ सुटली की मग बाहेर यायचं.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. 'सतर्क राहावे' हे दोन शब्द यापुढे माझ्या बातमीत येणार नाहीत. पिरियड येईल, जागा येईल, वेळ येईल. चुकलो तर कमेंटमध्ये कान धरा.

आणि एक विनंती. केरळवाल्यांनी या समुद्राला नाव दिलं. आपल्या आज्या-पणज्यांकडेही एखादा शब्द असणारच. वादळ नसताना चोरपावलांनी येणाऱ्या या लाटेला तुमच्या वाडीत काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि खाली लिहा. फळ्यावरची पहिली ओळ त्या शब्दाने लिहूया.