ईश्वराचा झाला एक्झोरा

गोरेगावच्या एखाद्या नर्सरीत लाल गुच्छांचं झुडूप हवं असेल, तर ‘एक्झोरा’ म्हणावं लागतं. ‘पेंडगूळ’ म्हटलं, की माळीबुवा तोंडाकडे बघत राहतात. गंमत म्हणजे हा एक्झोरा मूळचा आपला ईश्वरच. मलबारात ही फुलं देवाला वाहत. पोर्तुगिजांच्या जिभेवर ईश्वराचा उच्चार पालटला आणि लिनियसने 1753 मध्ये तोच प्रजातीला बहाल केला.

करवंदाचंही तेच. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, त्या गार्सिया द ऑर्ताच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ‘करांदास’ आहे. लॅटिन नावात ते आजही टिकून आहे.

तिकडे कॅनडात इंग्रजीने अल्गोंक्वियन कुळातल्या क्री भाषेकडून असाच शब्द उचलला. जांभळ्या फळांच्या एका झुडपाचं लांबलचक क्री नाव तोडून ‘सास्काटून’ केलं आणि पुढे ते शहरालाही चिकटलं. बोरांवरून बोरिवली, तसंच.

पण गोरेगावची खरी मानकरी कारवी. सात वर्षं मुकाट वाढायचं, आठव्या वर्षी डोंगर जांभळा करायचा, बी धरायचं आणि मरून जायचं. वाळलेल्या बोंडांना पावसाचा ओलावा लागला, की ती तडातड फुटून बी उडतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. ब्रेमेकँप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1944 मध्ये तिच्यासाठी ‘कार्व्हिया’ अशी वेगळी प्रजातीच मांडली होती. पुढे अभ्यासकांनी तिला पुन्हा जुन्या ‘स्ट्रोबिलँथिस’मध्ये ढकललं. म्हणजे मराठी शब्द लॅटिनच्या उंबऱ्याआत जाऊन परत आला!

गोरेगावच्याच आरेतल्या पाड्यांत मात्र कारवीला अशा दाखल्याची गरज नव्हती. कारवीच्या सरळ काठ्या जवळजवळ उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या, वरून शेणमातीचा गिलावा: झाला कूड. वारली चित्रं उमटली ती अशा भिंतींवर.

म्हणूनच बागांतल्या पाट्यांवर लॅटिन नाव जरूर असावं, पण वर ठळक अक्षरांत पाड्यावरचं नाव हवं, आणि ते कोशातून नव्हे, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. एकाच झुडपाला दोन पाड्यांत दोन नावं निघाली, तर दोन्ही लिहावीत. पाटीवर जागा असते.

घाई यासाठी, की पाड्यांत आता विटांची घरं उभी राहतात. कारवी 2032 मध्ये फुलायला येईल तेव्हा फोटो काढणारे पुष्कळ असतील. कूड कसा बांधतात हे सांगणारे किती उरतील?