ढिला नको, घट्ट नको

बदली होऊन आपण नागपूरहून गुवाहाटीस गेलात, तरी सोबत नेलेला विजेचा दिवा तेथील होल्डरमध्ये बिनचूक बसतो. कारखाने निराळे, टोपीचे माप मात्र एकच, व्यास सुमारे २२ मिलिमीटर. दोन नग हुबेहूब सारखे घडविणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही. म्हणून किती फरक चालेल, हे आधीच ठरवितात. भोक तपासण्याच्या मापकाचे एक टोक आत गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. अन्यथा नग बाद! ही शिस्त सुटली, तर ढिला बसलेला दिवा तापतो, ठिणग्या टाकतो. आपल्याकडे अशी मानके १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था ठरवीत असे. १९८७ पासून ते काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. दिवा घेताना मानकचिन्ह अवश्य पाहावे.