जंगलाच्या आकाशालाही शिस्त हवी

१३ नोव्हेंबर २०२१. गडचिरोली जिल्ह्यातील मर्दिनटोल्याच्या जंगलात सी-६० पथकाची माओवाद्यांशी दिवसभर चकमक झाली. त्यात मिलिंद तेलतुंबडेसह अनेक माओवादी मारले गेले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच दिवशी जखमी झालेल्या चार जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवावे लागले, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि भामरागड तर गडचिरोलीपासूनच दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. ज्या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनाने व्यापलेला आहे आणि पर्लकोटेला पूर आला की ज्याचा एक संपूर्ण तालुका जगापासून तुटतो, तेथे हेलिकॉप्टर ही चैनीची वस्तू नसून जीवनदायिनी आहे. १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी दुर्गम केंद्रांवरील कर्मचारी आणि मतदानयंत्रेही याच मार्गाने पोहोचली होती.

गेल्या काही वर्षांत या आकाशात आणखी एक प्रवासी आला आहे, तो म्हणजे ड्रोन. पोलीस त्याच्या साहाय्याने जंगलावर नजर ठेवतात. चंद्रपूर जिल्ह्यात, जेथे वाघ आणि माणूस यांचा संघर्ष रोजचाच झाला आहे, वनविभाग त्याच्या डोळ्याने वाघाचा माग काढतो. ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते. मोठ्या खाणींना २०२१ पासून वार्षिक ड्रोनपाहणी बंधनकारक आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून बचत गटांच्या भगिनी पिकांवर फवारणी करू लागल्या आहेत, आणि लग्नाचे चित्रीकरण तर आता ड्रोनवाचून अपुरेच वाटते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीने साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. शांतता जसजशी रुजेल तसतसे रस्ते, खाणी, मोजणी आणि शेती यांसाठी ड्रोनचा वापर वाढतच जाणार. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच प्रश्न आज विचारला पाहिजे : एकाच आकाशात हेलिकॉप्टर आणि ड्रोन सुखरूप नांदणार कसे?

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम लागू केले. आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन भाग पाडले. लाल क्षेत्रात केंद्राची अनुमती हवी, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, अनुमतीवाचून उडता येते. वैमानिक असलेल्या विमानाला नेहमीच अग्रक्रम द्यावा, ड्रोनने त्याच्यापासून दूर राहावे, हेही त्यात स्पष्ट आहे. पूर्वीचे २५ अर्ज ५ वर आणि शुल्काचे ७२ प्रकार ४ वर आणून या नियमांनी परवानाराज्य मोडीत काढले, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

या रचनेमागचे गृहीतक साधे आहे : खाली ड्रोन, वर विमान. मुंबई-पुण्याकडे ते बऱ्याच अंशी खरे ठरते, कारण तेथे विमान खाली येते ते विमानतळावर, आणि त्याभोवतीचे आकाश राखलेले असते. गडचिरोलीत हेलिकॉप्टर उतरते ते पोलीस मदत केंद्राच्या आवारात, शाळेच्या पटांगणावर किंवा नुकत्याच कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत. त्या शेवटच्या चारशे फुटांत दोघांचा मार्ग एकच असतो. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या वैमानिकाला तीनशे मीटरवरचा ड्रोन दिसलाच, तरी त्याच्या हाती सहा सेकंदही नसतात. सागाच्या गर्द शेंड्यांच्या पार्श्वभूमीवर तो दिसेल तरी का?

हे भय काल्पनिक नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एक छोटा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडले आणि ऐन आगीच्या वेळी ते विमान जमिनीवर बसून राहिले. एका हौशी माणसाच्या कुतूहलाची किंमत जळणाऱ्या वस्तीने मोजली. उद्या तेच आपल्या जखमी जवानाच्या किंवा पुरात अडकलेल्या गर्भवतीच्या वाट्याला यावे का?

जंगलाची आणखी एक अडचण आहे. संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन आपोआप ठरावीक उंची गाठून मूळ जागी परततात. झाडांना अडकू नये म्हणून चालक ती उंची शेंड्यांच्याही बरीच वर ठेवतो. संकेत क्षीण होणे तर या भागात नित्याचेच. म्हणजे पिकावर दोन-तीन मीटरवर फिरणारे निरुपद्रवी यंत्रही क्षणात, चालकाच्या इच्छेवाचून, हेलिकॉप्टरच्या वाटेत उभे राहू शकते.

उपाय नियमांतच दडलेला आहे. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करू शकतो. परंतु ही घोषणा होते ‘डिजिटल स्काय’ या संगणकीय व्यासपीठावर. ज्या गावात दूरध्वनीवर बोलण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथील ड्रोन दीदीला ती दिसणार कशी? येथे जुनी दवंडीच कामी येईल. पोलीस ठाणे, पोलीस पाटील, सरपंच आणि बचत गट ही साखळी उभारावी. प्रत्येक ड्रोनचालकाची नोंद ठाण्यात असावी आणि ‘खाली उतरवा’ हा निरोप दहा मिनिटांत पोहोचावा. पोलीस, वन, महसूल, कृषी आणि खाण या साऱ्यांची उड्डाणे एकाच जिल्हास्तरीय कक्षाकडे नोंदवली जावीत. आज एका खात्याचा ड्रोन दुसऱ्या खात्याला अनोळखी वाटला, तर नवल नाही.

कोणी म्हणेल, आकाश बंद केल्याची दवंडी पिटणे म्हणजे हेलिकॉप्टर येत असल्याची वर्दी शत्रूला देणे. आक्षेप रास्त आहे. माओवादी दुबळे झाले असले तरी सावधपणा सोडता येणार नाही. २०१९ मध्ये बस्तरमधील सुरक्षा दलाच्या तळावर अनोळखी ड्रोन घिरट्या घालत असल्याचे आढळले होते. म्हणूनच कायमस्वरूपी हेलिपॅडभोवती बारमाही राखीव वर्तुळे असावीत. तेथे ठाण्याच्या संमतीवाचून कोणीच उडू नये. मग विशिष्ट उड्डाणाची वाच्यता करण्याचे कारणच उरत नाही. तात्पुरत्या जागी आणीबाणीचे उड्डाण असेल, तेव्हा कारण न सांगता केवळ ‘उतरवा’ एवढाच निरोप पुरेसा आहे.

मात्र या निमित्ताने सरसकट बंदी घालण्याचा मोह प्रशासनाने टाळावा. बंदी सोपी असते, व्यवस्था कठीण. बंदीने आपल्या भगिनीची रोजी जाईल आणि चोरून उडवणारा उडवतच राहील. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांच्या मतांसाठी मांडला. कायदा दिल्लीत घडतो, पण हेलिकॉप्टर उतरते एटापल्लीत. म्हणून वनजिल्ह्यांसाठी स्वतंत्र स्थानिक व्यवस्थेचा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींनी धरला पाहिजे.

आणि आपण? घरच्या लग्नात ड्रोन बोलावताना चालकाला प्रमाणपत्र विचारावे, जवळ हेलिपॅड आहे का ते पाहावे, आणि हेलिकॉप्टरचा आवाज कानी पडताच आधी ड्रोन खाली घ्यावा. रस्त्यावर रुग्णवाहिकेची घंटा ऐकून आपण बाजूला होतो, ते कोणी दंड करील म्हणून नव्हे. आत कोणाचा तरी प्राण अडकला आहे, याची जाणीव असते म्हणून. आकाशातील रुग्णवाहिकेलाही तेवढीच वाट आपण देऊ या.